केळ्याच्या वासाचं विमान

सुकेळ्यांचा, म्हणजे केळी वाळवायचा, मांडव घालायला बांबू आणा, एवढंच बायकोने सांगितलं होतं. मी बांबू आणलेही. इथपर्यंत माझी चूक कोणी काढून दाखवावी, असं माझं जाहीर आव्हान आहे.

पण बांबूंबरोबर खिळेही आणले. दुकानदाराने ते ज्या रद्दीच्या कागदात बांधून दिले, त्यावर एका परदेशी गृहस्थाचं चित्र होतं. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, म्हणजे साधारण माझ्यासारखाच. शेजारी एक लहानसं विमान. खाली लिहिलं होतं की हे विमान या गृहस्थाने घरच्या अंगणात, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी बांधलं. मी अंगणाकडे पाहिलं. बांबूंकडे पाहिलं. फावला वेळ तर मला भरपूरच होता (मी वसईच्या मामलेदार कचेरीत कारकून आहे).

"अगं, मांडव जरा थांबेल," मी आत जाऊन सांगितलं.

"का?"

"मी विमान बांधतोय."

"बरं. आधी जेवून घ्या," प्रेमलता म्हणाली. तिला वाटलं, उन्हातून आलेत, उतरेल हळूहळू.

उतरलं नाही. उलट महिनाभरात आमच्या उमेळे गावच्या अंगणात विमानाचा सांगाडा उभा राहिला आणि अख्ख्या गावाला हसायला जागा झाली. कचेरीत हेडक्लार्क म्हणाले, "शरदचंद्र, आधी जमिनीवरून वेळेवर येत चला, मग आकाशातून या." मी मनात म्हटलं, एक दिवस याच कचेरीच्या कौलांवरून घिरटी घालीन आणि वरून तुमच्या टेबलावर रजेचा अर्ज टाकीन! (सरकारी परवानगी घेतली होती का, असं काही शहाणे विचारतात. मी स्वतः सरकारी कारकून आहे. परवानगी मागितली की काय होतं, ते मला ठाऊक आहे.)

या कामात मला साथ होती शेजारच्या रुडॉल्फची. रुडॉल्फ लढाईच्या काळात कराचीला विमानदलात होता. हे तो रोज सांगायचा. विमानदलात नेमकं काय करत होतास, असं मी कधी विचारलं नाही. विमानदलातला माणूस विमानाचंच काहीतरी करत असणार! लष्कराने मोडीत काढलेल्या एका फटफटीचं इंजिन त्यानेच कुठूनसं पैदा केलं. पुढचा पंखा आम्ही सागाच्या फळीतून तासला आणि पंखांवर मांजरपाट चढवला.

घोडं अडलं ते त्या मांजरपाटापाशी. कापड सैल पडलं होतं. वारा आला की पंख धुणं वाळत घातल्यासारखे फडफडायचे.

"कापडाला कायतरी फासावं लागतं, शरदभाऊ," रुडॉल्फ म्हणाला. "हँगरमध्ये फासायचे. सुकलं की कापड एकदम ताठ."

"काय फासायचे?"

रुडॉल्फने डोळे मिटले. "नाव नाय आठवत. पण वास अजून नाकात हाय. पिकलेल्या केळ्याचा."

"नक्की?"

"शरदभाऊ, मी वसईचा माणूस. केळ्याचा वास मला चुकेल?"

मला तर इंग्रजांचा असा संताप आला म्हणता! बघा, एवढं मोठं गुपित आमच्यापासून दडवून ठेवलं. केळ्यांच्या जोरावर त्यांची विमानं जगभर उडत होती आणि आम्ही वेडे केळी नुसती सोलून खात होतो!

घरात राजेळी केळ्यांचे घड पिकायला टांगलेले होतेच. ते प्रेमलतेचे सुकेळ्यांसाठी राखलेले. तिची सुकेळी म्हणजे तिचा मान. ऊन पाहून घालायची, वेळेवर उलटायची, संध्याकाळी काढायची, आणि मग वाळलेल्या पानात बांधून माहेरी, नणंदांकडे, चर्चच्या फादरांकडेसुद्धा पोचवायची. ती बहिणीकडे कळंबला गेली होती तेवढ्यात आम्ही त्या केळ्यांचा लगदा केला, त्यात खळ घातली, शिजवला आणि दोन्ही पंखांना चांगला जाड फासला.

आणि सांगतो, सुकल्यावर कापड ताठ झालं! टिचकी मारली तर डग्ग्यासारखं वाजलं. रुडॉल्फने तर मला मिठीच मारली.

प्रेमलता परतली. तिने रिकाम्या दोऱ्या पाहिल्या, मग पंखांचा वास घेतला. पंखांवरून मुंग्यांची रांग चालली होती.

"या मुंग्या?" तिने विचारलं.

"हवेत गेल्यावर पडतील, वैनी," रुडॉल्फने खुलासा केला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिने पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "संक्रांतीपर्यंत मुदत. तोवर हे उडालं, तर मी सगळ्या गावादेखत तुमची आरती ओवाळीन. नाही उडालं, तर बांबू माझे. त्याच्यावर माझी केळी वाळतील, आणि पुन्हा या घरात विमानाचं नाव काढायचं नाही."

"उडणारच!" मी म्हणालो. कुठल्या पुरुषाने दुसरं काही म्हटलं असतं?

संक्रांतीला ओहोटीच्या वेळी आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर पोचलो. विमान गावातल्या गाडीवान हरिभाऊंच्या बैलगाडीमागे बांधून आणलं होतं. घट्ट ओली वाळू, लांबच लांब किनारा, आणि माणसं तर जत्रेसारखी लोटलेली. हेडक्लार्क सहकुटुंब आले होते. हरिभाऊंनी बैल सोडले.

"बैलांना पानी दाखवून आनतो," ते म्हणाले. पण त्यांचा पांड्या बैल काही हलेना. सगळी वाट त्याच्या पाठीमागून तो वास येत होता, आणि आता तो मान वळवून माझ्या डाव्या पंखाकडे एकटक पाहत होता. मला वाटलं, मुक्या जनावरालासुद्धा कौतुक आहे.

प्रेमलतेने हातावर तिळगूळ ठेवला. "वर फार वेळ राहू नका, भात निवतो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित कापला. (तो कापला नव्हता असं ती म्हणते. मी ऐकला आहे.)

रुडॉल्फने पंखा फिरवला. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि चक्क चालू झालं! विमान निघालं. हेडक्लार्क मागे पडले, गाव मागे पडलं. पंख्याचा वारा भन्नाट मागे जात होता, आणि वाऱ्याबरोबर केळ्याचा वासही. मागे आरडाओरडा झाला. लोक मला शाबासकी देताहेत असं समजून मी हात हलवला.

तेवढ्यात खालून एक जोरदार धक्का बसला आणि माझं बूड वर उचललं गेलं.

"उडालो!" मी ओरडलो. "रुडॉल्फ, उडालो रे!"

समोर आकाशाऐवजी वाळू दिसत होती हे खरं. मला वाटलं, वर गेल्यावर खालचा देखावा असाच दिसत असेल. मग ती वाळू भराभर जवळ आली आणि माझ्या तोंडात शिरली.

मी बाहेर आलो तेव्हा विमान नाकावर उभं होतं, पंख्याचे दोन तुकडे झाले होते, शेपटाखाली पांड्याच्या शिंगांची दोन भोकं पडली होती आणि पांड्या मान लांब करून डाव्या पंखाचं कापड चाटत, ओरबाडत, आनंदाने खात होता. दुसरा बैल उजव्या पंखाकडे लागला होता.

रुडॉल्फची बायको ग्रेसी धावत आली. "केळी कशाला फासली?" तिने विचारलं. आम्ही विमानशास्त्र समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"अहो, ते बाटलीतलं रसायन असतं. नुसता वास केळ्याचा. माझ्या बांद्र्याच्या बहिणीच्या नखांच्या रंगालापण तोच वास येतो. तो काय केळ्याचा करतात? आणि यांचं काय ऐकता! हे कधी गेले हँगरमध्ये? गेले तर जेवणाचे डबे घेऊन. मेसमध्ये आचारी होते!"

मी रुडॉल्फकडे पाहिलं. रुडॉल्फने समुद्राकडे पाहिलं.

पण मी हार मानली नाही. कमरेवर हात ठेवून, तोंडातली वाळू थुंकून मी सर्वांसमक्ष विचारलं, "चाक जमिनीवरून सुटलं होतं की नाही?"

"सुटलं व्हतं," हरिभाऊंनी छातीवर हात ठेवून साक्ष दिली. "मागचं. माज्या पांड्याच्या शिंगांवर."

"ऐकलंत? सुटलं होतं! उडताना बाहेरून थोडी मदत झाली म्हणून उड्डाण रद्द होतं, असा कुठला कायदा आहे?"

प्रेमलतेने पिशवीतून ताम्हन काढून निरांजन लावलं. मग पुढे झाली आणि भरलेल्या किनाऱ्यावर तिने मला खरोखर ओवाळलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! मग तिने ते ताम्हन तसंच पुढे नेऊन पांड्यालाही ओवाळलं, आणि म्हणाली, "ज्याने उडवलं, त्याचाही मान. आता बांबू घरी न्या."

बांबूचा सांगाडा अंगणात परत आला. दोन्ही पंखांवर पेंढा पसरून राजेळी केळी मांडली गेली, आणि मला कबूल करायलाच हवं, सुकेळी अशी झाली की नणंदांनी दुसऱ्यांदा मागवली. बांधणी पक्कीच होती, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

विमानाचं नाव घरात काढायचं नाही, ते मी काढत नाही. पण नखांच्या रंगाच्या किती बाटल्या दोन पंखांना पुरतील, एवढं ग्रेसीच्या बहिणीला विचारून ठेवलं आहे. नाव न काढता.

तूर्त रविवारी माझी जागा ठरलेली आहे. वैमानिकाच्या आसनावर, हातात काठी घेऊन.

"झोपू नका!" आतून प्रेमलतेची हाक येते. "उजव्या पंखावर कावळा बसलाय!"

मी काठी आपटतो. कावळा उडतो. माझ्या विमानावरून कोणाच्याही मदतीवाचून उडालेला आजवर तो एकटाच.