रांगेतला दवाखाना

खोकला घेऊन आलेल्या बाईला आमच्या शेजारच्या डॉक्टर गायकवाडबाई जो पहिला प्रश्न विचारत, तो खोकल्याचा नसेच. "पाळी चालू हाय का गेली?"

नवरा शेजारी बसलेला. तो छताकडे बघे. बायको पदर तोंडाला लावी. एक पाटील तर उठलेच, "बाई, तिला खोकला झालाय. तुमी हे काय विचारून राहिलात?"

"पाटील, फुप्फुस बाईचंच हाय ना? मग बाईचं सगळं विचारावं लागतंय."

"फुप्फुस बाईचंच हाय ना?" हे त्यांचं पालुपद. मूळच्या लातूरजवळच्या मुरुडच्या, छातीच्या डॉक्टर, उदगिरात एकट्याच राहायच्या. आवाज असा की पेशंट बाहेरूनच सरळ व्हावा. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, मला कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही, पण त्यांच्यापुढे गप्प बसे. बायकांच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन छातीतही पोचतं आणि तिथल्या एखाद्या गाठीला खतपाणी घालू शकतं, असं त्या मला कुंपणावरून समजावत.

"म्हणजे सगळं कळलंय तुम्हाला?" मी विचारी.

"न्हाई कळलं. म्हणून तर विचारते."

पण नवऱ्यादेखत कोण खरं सांगणार? दुष्काळानं ही अडचण सोडवली. नळ आटले, गल्लीत टँकर येऊ लागला. पुरुष लिंबाखाली बसून गप्पांतच उदगीरचा नवा जिल्हा करत. कलेक्टर कचेरीची जागासुद्धा त्यांनी ठरवली होती. रांगेत फक्त बायका. गायकवाडबाईंच्या बोअरला पाणी होतं, तरी त्या घागर घेऊन रांगेत यायच्या. नंबर आला की पुन्हा शेपटाला जाऊन उभ्या राहायच्या. उन्हानं बाईंचं डोकं फिरलं, असं लिंबाखाली एकमतानं ठरलं.

"रांगेत नवरे नसतात, गुरुजी," त्या मला म्हणाल्या. "हाच माझा खरा दवाखाना."

त्याच उन्हाळ्यात माझ्या बायकोला, मंदाला, खोकला लागला. बिडी नाही, मिश्री नाही, स्वयंपाक गॅसवर. म्हणजे धूळच, असा निकाल आमच्या घरानं देऊन टाकला. आमच्याकडे सगळेच असा निकाल देतात.

बाईंनी रांगेत आपली घागर तिच्या घागरीशेजारी ठेवली आणि तिला बोलतं केलं. तिची गर्भपिशवी तरुणपणीच काढली होती, हे मला माहीत होतं. अंगातून वाफा निघतात म्हणून ती त्याच हार्मोनच्या, इस्ट्रोजेनच्या, गोळ्या घेत होती, हे माहीत नव्हतं. थुंकीत रक्त दिसलं होतं, हेही नाही. "यांना कशाला घोर," म्हणाली म्हणे.

बाई तशाच रिकाम्या घागरीनिशी आमच्या अंगणात आल्या. "गुरुजी, उद्या लातूर. छातीचा सीटी स्कॅन."

"गोळ्यांनी झालं का काही?"

"गोळ्यांवर खापर फोडायला माझ्याकडं पुरावा न्हाई. पण रक्त हाय. चला."

गाठ निघाली. कॅन्सरचीच, पण लहान. ऑपरेशनला बाई स्वतः आल्या. काढलेल्या गाठीला इस्ट्रोजेनचं खतपाणी होतं का तेही बघा, असा त्यांनी तिथं हट्ट धरला. त्यानं उपचार बदलणार नाहीत, असं तिथले डॉक्टर म्हणाले. "न बदलू दे. बघा तरी," म्हणाल्या. मंदा वाचली. ती त्या बाईंमुळे वाचली. एरवी मी कुणाला असं श्रेय देत नाही.

घरी आल्यावर मंदा पहिल्यांदा रांगेत गेली तेव्हा घागर मी धरली होती. बायका फिदीफिदी हसल्या. शेपटाला गायकवाडबाई उभ्या होत्या. चेहरा लालबुंद, पदरानं वारा घेत होत्या. मंदा त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरबाई, तुमची पाळी गेली का हो?"

मी लिंबाकडे बघू लागलो.

बाईंनी घागर खाली ठेवली. तो दणदणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "ह्याच उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. "अंग भाजतंय नुसतं. झोप न्हाई. कुणी विचारलंच न्हाई, मंदाताई."

"आता मी विचारून राहिले ना. सांगा."

बाई सांगू लागल्या. मधेच त्यांचा नंबर आला. मंदानं माझ्या हातातली घागर घेतली आणि दोघी पुन्हा शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या.