नातीसाठी निवडलेली तारीख

जगात कोणत्या दिवशी काय घडलं, ते मला विचारा! शाळेच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी निवृत्त होईपर्यंत लिहिला. त्यामुळे आमच्या लेकीच्या, गोपिकेच्या पोटातलं बाळ पायाळू आहे, ऑपरेशन करावं लागेल, तीस जून ते चार जुलैमधली कुठलीही तारीख सांगा, असं डॉक्टर अश्लेषा म्हणाल्या, तेव्हा अख्ख्या घराने माझ्याकडे पाहिलं. मी कॉलर ताठ केली.

पण बघायला बसलो आणि घाम फुटला! तीस जूनला सायबेरियात आकाशातून काहीतरी येऊन जंगलच्या जंगल आडवं झालं होतं. बाद! एक जुलैला जीएसटी लागू झाला. जन्मल्या जन्मल्या कर? बाद! चार जुलै अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन.

"चांगलंच आहे की!" माझी बायको शोभा म्हणाली.

"अगं, मोठं होऊन तिकडंच पळून जाईल!"

दोन जुलैला शिमला करार झाला होता. भांडण मिटवायचा दिवस! तीच पक्की केली. तीन तारखेकडे पाहिलंसुद्धा नाही. उगाच काही सापडलं तर?

एक जुलैला सकाळी गोपिका पोट धरून बसली.

"बाबा, दुखून राहिलं खूप."

"काल गोळाभात हाणलास ना, गॅस असेल. ओवा खा."

"अहो, कळा आहेत त्या!" शोभा कडाडली. "तुमाले काही समजते का नाही?"

"कळा कशा असतील? ऑपरेशन उद्या आहे!"

आणि इथेच मी माती खाल्ली. त्या संध्याकाळीच भरती व्हायचं ठरलं होतं, तरी दवाखान्यात फोन लावून काउंटरवरच्या रितिकाला ठणकावून सांगितलं, "आज आम्ही येत नाही बरं का. काहीही झालं तरी उद्याच!" फोन ठेवतो न ठेवतो तोच गोपिकेने किंकाळी फोडली.

प्रताप नगरातून सक्करदऱ्याच्या दवाखान्यापर्यंत ऑटोत प्रत्येक खड्ड्याला तिच्यापेक्षा मीच जास्त ओरडलो. पोचलो, तर आमची खोली दुसऱ्यालाच दिलेली! ऑपरेशन थिएटरही अडकलेलं!

"सर, तुम्हीच तर उद्या म्हणाले!" रितिका रडकुंडीला आली. माझी लेक बाकड्यावर कण्हत होती. तेवढ्यात व्याही रामाजी धावत आले.

"काहून जी सर, पोरगी बाहेर काहून बसून राहिली?"

डॉक्टर बाई आल्यावर मी चाचरत विचारलं, "मॅडम, उद्यापर्यंत थांबवता येईल का?"

"सर, बाळाचे पाय खाली आहेत. तुम्ही आधी बाजूला व्हा!"

शेवटी थिएटर मोकळं झालं. गोपिकेला आत नेलं, दार लागलं आणि मला एकही सन आठवेना. माझ्या शहाणपणापायी पोरीला काही झालं तर? देवा, कुठलीही तारीख दे! महायुद्ध पेटलं ती दे, भूकंपाची दे, पण दोघं सुखरूप राहू दे!

आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी! दोघी छान! मी जो रडलो, तो बाळापेक्षा मोठ्याने.

रामाजींनी मला मिठीच मारली. "माह्याच वाढदिवसाले आली जी नात! माहाबी एक जुलैच!"

"खरंच?"

"खरं कोनाले मालूम? शाळेत नाव टाकाले गेलो, तारीख माह्या मायलेच मालूम नाही. मास्तरनं ठोकून देली एक जुलै! आमच्या वर्गात अर्धे एक जुलैचेच."

"माझीही शाळेतली तीच," शोभा डोळे पुसत हसली.

मी रामटेकला थोरल्या बहिणीला फोन लावला. "सुभद्राताई, नात झाली! आत्ताच! एक जुलै!"

पलीकडे तिला हुंदकाच फुटला. मग नाक ओढून ती म्हणाली, "लई चांगलं झालं गा! पन ते शाळेचं राहू दे. मले पत्रिका कराची आहे, खरी तारीख सांग!"