पुढच्या दोन दातांमधली फट

निरोपाच्या फोटोत एकदा तरी तोंड उघडून हसायचं, एवढंच हेडक्लार्कांनी ठरवलं होतं. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एवढी हौस असायला हरकत नाही. ऑफिसच्या हॉलमध्ये निवृत्त हेडक्लार्कांचे अकरा फोटो ओळीने लावले होते आणि बारावा खिळा आत्ताच ठोकून ठेवला होता. (शिपायाला घाई फार.)

अडचण एकच, वरच्या पुढच्या दोन दातांमधली फट. काडेपेटीतली काडी आरपार जाईल एवढी. तिच्यापायी ते जन्मभर ओठ मिटून हसले होते आणि घरालाही नियम घालून दिला होता: फोटो काढताना तोंड बंद. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत ते दाढ दुखत असल्यासारखे दिसतात, यात फोटोग्राफरचा काही दोष नाही.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी हेडक्लार्कांच्या ओठांशी धरली, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. पट्टी संपली तरी जुळणारा रंग सापडेना.

"काका, चहा किती होतो?"

"ऑफिसातला धरून?"

मग त्यांनी पर्याय सांगितले. तारा लावून दात जवळ आणता येतील, पण वर्ष-दीड वर्ष जाईल. दात थोडे घासून वर पातळ चकत्या बसवता येतील, पण घासलेला दात परत येत नाही. नाहीतर दात आधी पांढरे करायचे आणि दाताच्याच रंगाचा मसाला लावून फट बुजवायची. तीन खेपांत काम. हेडक्लार्कांनी शेवटच्या पर्यायावर मान डोलावली.

बायकोला सांगितलं नाही. दोन खेपा तोंड मिटून निभावल्या. खरं सांगायचं तर फोटो हे निमित्तच होतं. दीड वर्षापूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा गेला होता, तेवीस वर्षांचा, साध्या तापाचं निमित्त होऊन. तेव्हापासून बायको हसली नव्हती. आपण एकदा मोकळेपणाने हसून दाखवलं तर तीही हसेल, असं त्या भल्या माणसाला वाटत होतं.

तिसऱ्या खेपेनंतर दार उघडताच ते उंबऱ्यातच हसले, बत्तीसच्या बत्तीस दाखवून. बायकोच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"कसे दिसतात?"

"तोंड मिटा."

"जरा जास्तच पांढरे झाले का गं?"

"मिटा म्हणते ना!"

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

रंग चुकला, असा हेडक्लार्कांचा समज झाला. मग ते सावलीत हसून बघू लागले, दिव्याखाली हसून बघू लागले. बायको ताट घेऊन पाठ फिरवून बसायला लागली. चौथ्या दिवशी त्यांना वेगळीच शंका आली.

"अगं, या वयात मला कोण बघतंय? कॅशियरबाईसुद्धा कधीच्या रिटायर झाल्या."

"त्यांचं काय इथे?"

"काही नाही. म्हणून तर सांगतोय."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. (कॅशियरबाईंचं नाव काढायचं काही कारण नव्हतं, हे त्यांना बंद दारापुढे सुचलं.)

रविवारी सकाळी ते दूध घेऊन आले, तेव्हा पलंगभर फोटो पसरलेले होते. बायको एकेक फोटो भिंगाखाली धरत होती.

"काय शोधतेस?"

"दात."

"माझे?"

"त्याचे." तिने भिंग खाली ठेवलं. "एकाही फोटोत नाहीत. शाळेतल्या नाहीत, कॉलेजातल्या नाहीत. 'ठोंब्या, तोंड मीट' म्हणून ओरडायचात ना? मिटलं बिचाऱ्याने. दर वेळी मिटलं."

हेडक्लार्क हातातल्या दुधासकट पलंगाच्या कडेवर बसले.

"घरात मात्र कसा फट दाखवून हसायचा! तुमचीच होती ती, अगदी तश्शी. तुम्ही जांभई दिलीत, पेपर वाचताना पुटपुटलात, की मला दिसायची. तेवढंच उरलं होतं अहो माझ्याकडे. तेही बुजवून आलात."

स्वतःची लाज आपण पोराच्याही तोंडाला लावली, आणि ते गुणी पोर ती जन्मभर पाळत राहिलं. हेडक्लार्क रडले. शेजारी बसून बायकोही रडली.

दुसऱ्या दिवशी ते दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसले.

"काका, मसाला निघाला का?"

"नाही. काढायचाय."

"दुखतंय?"

"हो. म्हणजे दातात नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला. मूळ दात घासलेले नव्हते, म्हणून फट जशीच्या तशी मिळाली. इतकी वर्षं जिचा राग केला, तिला त्यांनी जिभेने दहादा चाचपून पाहिलं.

बायकोने हनुवटी धरून त्यांना खिडकीशी नेलं आणि तोंड उघडायला लावलं.

"फट बरोबर आहे," ती म्हणाली. "पण इतके पांढरे कुठे होते त्याचे? कधी धड ब्रश तरी करायचा का!"

आणि ती हसली. ते हसू अर्ध्यातच मोडून त्याचं रडू झालं, पण आधी ती हसली, हे हेडक्लार्कांनी नीट पाहिलं. मग तिने काळाकुट्ट चहा त्यांच्यापुढे ठेवला.

"अगं, डॉक्टरीणबाईंनी चहा बंद करायला सांगितलाय."

"मुकाट्याने घ्या. दिवसातून चार वेळा."

निरोपाचा फोटो झकास निघाला. अकरा गंभीर चेहऱ्यांच्या शेजारी एक मनमुराद हसणारा. त्याची एक प्रत घरी मिळाली. बायकोने ती बराच वेळ न्याहाळली, मग कात्री आणली आणि फोटो बरोबर नाकाखाली आडवा कापला. हसणारा खालचा अर्धा भाग तिने चौकटीत बसवला आणि मुलाच्या मिटल्या ओठांच्या फोटोशेजारी ठेवला.

"आणि हे?" हेडक्लार्कांनी वरचा अर्धा भाग उचलून विचारलं. त्यात टक्कल होतं, चष्मा होता आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीचा सगळा रुबाब होता.

"ते तुम्हीच ठेवा," बायको चौकट पुसत म्हणाली. "ते काय, रोज बघतेच मी."