बुचाशी ओळख

शिरसाठ सर पाहुण्यांची झाडांशी रीतसर ओळख करून देतात. "हे चिंचेराव. जरा आंबट बोलतात, पण मनानं चांगले." मग चिंचेकडे वळून, "आणि या काष्टी गावच्या. मुलीच्या ॲडमिशनला आल्यात." बाई गोंधळून हात जोडतात. सरांना तेवढंच हवं असतं.

सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी आमच्या कॉलेजच्या जुन्या बागवाटेवर रोज सकाळी हजर. माळीकाम करणाऱ्या कासाबाई म्हणतात, "सरांला झाडाचं समदं गनगोत ठावं, पन मानसाचं नाव इचारा! न्हाई!" खरंच. कॅम्पसच्या पाण्याची व्यवस्था मी बघतो, म्हणून मी इतकी वर्षं नुसता 'पाइपवाले'.

सगळ्या झाडांना सर अहो-जाहो करतात. फक्त वाटेच्या वळणावरच्या बुचाला, "काय गं, उठलीस का?"

यंदा वळवाच्या वादळात बागवाट फांद्यांखाली गडप झाली आणि बूच मुळासकट आडवा पडला. सर त्याच्या खोडावर बसून राहिले. पाहुणे आले, गेले. ओळख कुणाचीच नाही. मलाच उलट समजावत होते, "वारंच तसं होतं, पाइपवाले. तुम्ही काय करणार?"

मी काय केलं होतं, ते मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात पाइपचा चर मी बुचाच्या बुंध्याला खेटून खणवला. वळसा टाळायला, बाकी काही नाही. मुळं तुटताना पाहिली आणि म्हणालो, "लोटा माती."

वाटेचे दगड पुन्हा बसवायला घेतले, तेव्हा एका सकाळी सर त्या बुजवलेल्या चरापाशी गुडघ्यांवर बसलेले दिसले. मला राहवेना.

"सर, वाऱ्यानं नाही. मुळं मी तोडवली."

"माहीत आहे. वारा इतकं सरळ तोडत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. आता वाका, बघा."

चराच्या कडेनं हिरवे कोंब वर आले होते. "बुचाचं मूळ दुखावलं की तिथून फुटवे येतात," सर म्हणाले. मी मातीतच बसलो.

मग ते आपणहून सांगू लागले. "पुणतांब्याहून शिकायला आलो. दिवाळीला हॉस्टेल रिकामं झालं. मला जायला घर नव्हतं. हिच्याखाली डबा उघडला, तर भाकरीवर फूल पडलं. त्यानंतर एकट्यानं जेवलो नाही."

दगड कोंबांवरूनच जाणार होते. मी वाट वळवायला सांगितली.

"वाट वाकडी व्हतीय की वो!" कासाबाई ओरडल्या.

"होऊ द्या."

सर सगळ्यात उंच कोंबापाशी वाकले. "अगं, हे ठोंबरे," माझ्याकडे हात करून ते म्हणाले. "आपले आहेत."

मी वीतभर कोंबाला हात जोडले.