उजेडाला डिपार्टमेंट नसतं

नाडगीर सर समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेत. फडक्यानं काचा पुसत, उजेडाकडे धरत, मगच बोलायला लागत. एकदा धारवाडला आमच्या विद्यापीठात मोठे पाहुणे आले. सरांनी त्यांचाही चष्मा काढला आणि काचेवरचे बोटांचे ठसे आम्हांला दाखवत बसले. तोवर पाहुण्यांनी शिपायाला कुलगुरू समजून वाकून नमस्कार केला होता.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर प्रकाशशास्त्र शिकवायचे, पण प्रयोगशाळेत सगळ्या विषयांची जत्रा. "उजेडाला डिपार्टमेंट नसतं," ते म्हणत. भूगर्भवाले दगडांचे पातळ काप आणत. मी वनस्पतिशास्त्राची, अळणावरहून गाडीनं सागाची पानं घेऊन यायची. पहिल्या दिवशी मी वही उघडली तर सर करवादले, "लिहितेस काय? हात लाव! नोडव्वा, बघ गं, हातानं बघ!" उन्हात भिंग फिरवताना माझ्या ओढणीला भोक पडलं. सर खूष. "झालं! फोकल लेंग्थ आता जन्मात विसरणार नाहीस."

एकदा संगीताची एक मुलगी तंबोरा घेऊन आली. सरांनी भोपळ्यावर आरशाचा कपचा चिकटवला, त्यावर लेसर सोडला. तार छेडताच भिंतीवरच्या लाल ठिपक्याची थरथरती रेघ झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर मात्र तडक स्कूटर काढून गेले, आणि परत आले ते सुमित्राअक्कांना, म्हणजे आपल्या बायकोला, मागं बसवून.

अक्का पूर्वी गाणं शिकवत. मोठ्या तापात कान गेले, तेव्हापासून तंबोऱ्याची गवसणी काढली नव्हती. सरांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. संगीतवाल्यांना मात्र ते ठाऊक होतं; त्या मुलीनं हळूच आम्हांला सांगितलं.

सरांनी अक्कांचा हात तारांवर ठेवला आणि भिंतीकडे बोट केलं. अक्कांनी जोडीच्या तारा छेडल्या. रेघ लांब व्हायची, आखडायची, पुन्हा लांब व्हायची; दोन तारांचे सूर जुळत नव्हते. अक्का टक लावून बघत राहिल्या. मग खुंटी जराशी पिळली. आणखी जराशी. रेघेचं हेलकावणं थांबलं.

"लागला!" ती मुलगी ओरडली. "अक्का, सूर लागला!"

अक्कांना ते ऐकू आलं नाही. त्या मोठ्यानंच म्हणाल्या, "अहो, लागला ना?"

एरवी तासन्‌तास बोलणारे सर नुसती होकाराची मान हलवत राहिले.

पुढच्या आठवड्यापासून लेसरची नळी प्रयोगशाळेत दिसेना. विचारलं की सर सांगत, "दुरुस्तीला गेलीय." नवनगरला त्यांच्या घराच्या खिडक्या मात्र भर दुपारी बंद असत, आणि आत कुणीतरी मुलगी भिंतीवरच्या लाल रेघेकडे बघणाऱ्या अक्कांपुढं बसून सा लावत असे.