भेकरणीच्या मूत्रपिंडांचा दावा

एका जंगलात, म्हणजे डोंगराच्या अलीकडच्या अंगाला जे होतं त्या जंगलात, सावळी नावाची एक भेकरीण राहत होती. तिला एक पाडस होतं. त्याचं नाव ठिपका. आणि तिला छातीत जळजळ होती. जळजळीला वेगळं नाव नव्हतं.

जळजळ का होती, ते आधी सांगते मुलांनो, नाहीतर पुढचं कळणार नाही. भेकर रवंथ करतं. म्हणजे आधी भराभर चरून घ्यायचं, मग निवांत बसून तेच पुन्हा तोंडात आणायचं आणि चघळायचं. सावळीला भराभर चरणं जमायचं. निवांत बसणं जमायचं नाही. बसली की तिला एकेक आठवायचं. ठिपका उजव्या पायाने लंगडतोय का? त्याच्या अंगावरचे ठिपके शेजारच्या पाडसापेक्षा कमी आहेत का? मघाशी तो शिंकला, ती शिंक साधी होती का? गवत वर यायचं, त्याच्यामागून हे सगळं वर यायचं, आणि त्याच्यामागून आंबट पाणी.

भेकर धोका दिसला की भुंकतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. सावळी धोका दिसायची वाट बघत नसे.

तिच्या झाडावर शेकरूमावशी राहायची. एकदा ती सरसर खाली आली.

"अगं सावळे, पुन्हा जळजळतंय का?"

"थोडंसं. माझ्याच खाण्यात काहीतरी येत असेल."

"तू आपली गारगोळी घे. मला कशी छान लागू पडली! सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी एक. मग दिवसभर दगड खा."

मावशीने आपल्या ढोलीतून दोन गोळ्या आणून दिल्या. मनाची फार चांगली होती. सावळी चरायला गेली की ठिपक्याकडे वरून लक्ष ठेवायची, आणि कधी बोलून दाखवायची नाही. फार तर दोनदा.

सावळीच्या पोटाला कप्पे होते बरेच. त्यातला कुठला रिकामा असला म्हणजे पोट रिकामं समजायचं, असा प्रश्न तिला पडला. पण विचारलं तर आपण अडाणी दिसू, असं वाटून तिने गोळी गिळून टाकली.

जळजळ थांबली. अगदी थांबली. सावळीला पहिल्यांदा गवताची चव गवतासारखी लागली.

मग ती रोज घेऊ लागली. एके दिवशी विसरली, तर दुप्पट जळजळलं. त्यावरून गोळी किती गुणकारी आहे, याची तिची खात्रीच पटली. अशी दोन वर्षं गेली.

गोळ्या साळिंदरभाऊंच्या दुकानात मिळायच्या. एका लांब पानावर दहा गोळ्या चिकटवलेल्या असत. पानाच्या वरच्या टोकाला मोठ्या अक्षरात नाव असे. खालच्या टोकाला, जिथे गोळी नसे, तिथे मुंगीएवढी अक्षरं असत: 'आठ आठवड्यांहून जास्त घेऊ नये. मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.' कोणी दोन गोळ्या मागितल्या की साळिंदरभाऊ वरून तेवढा तुकडा दातांनी कातरून देत. खालचं टोक उरे. नुसत्या अक्षरांचं गिऱ्हाइकाने काय करायचं? भाऊ त्याने आपल्या बिळाची भोकं बुजवत. त्यांचं बीळ फार सुरक्षित होतं.

तिसऱ्या वर्षी सावळीचे पाय सुजले. चार पावलं चालली की दम लागे. ठिपका पुढे पळून जाई आणि मागे वळून थांबे. ती धनेश वैद्यांकडे गेली.

"कुठलं औषध चालू आहे का?" वैद्यांनी विचारलं.

"नाही हो. काहीच नाही."

"नक्की?"

"नक्की. फक्त ती गारगोळी. पण ते काही औषध नव्हे, ती रोज घेते."

वैद्यांनी चोच मिटली. मग उघडली. "मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलीत. गोळी बंद करायची, पण एकदम नाही, मी सांगतो तशी. आणि डबक्याचं खारं पाणी आजपासून बंद. कड्याखालच्या झऱ्याचं प्यायचं, रोज. त्यावर पुष्कळ वर्षं निघतील."

"आणि झऱ्याचं नाही मिळालं तर?"

वैद्यांनी ठिपक्याकडे बघितलं. "पाडस केवढं आहे?" ते म्हणाले.



कड्याखालचा झरा पूर्वी सगळ्यांचा होता. मग त्याची व्यवस्था नीट लागावी म्हणून तो न्यायालयाच्या ताब्यात देण्यात आला. तेव्हापासून व्यवस्था इतकी नीट होती की न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तिथे कोणालाही पाणी पिता येत नसे.

परतताना सावळीला ऐनाच्या खोडावर एक पाटी दिसली.

'गारगोळी घेतलीत? पाय सुजले? तुम्ही एकटे नाही! भेटा: उदमांजर, वकील.'

'तुम्ही एकटे नाही' हे वाचून तिला रडू आलं. बऱ्याच दिवसांत तिला असं कोणी म्हणालं नव्हतं.

उदमांजर वकिलांनी तिला बसायला पाला दिला.

"बाई, दावा अगदी स्वच्छ आहे. गोळी बनवणारे गवासाहेब. त्यांच्याकडून भरपाई म्हणून तुम्हाला जन्मभर झऱ्याचं पाणी मागू, काढून द्यायचं त्यांनी. मिळालं तर त्यातला तिसरा हिस्सा माझा. हरलो तर तुमचं काहीही जाणार नाही."

"मूत्रपिंडं?"

"ती आधीच गेलेली आहेत. ती मी धरत नाही."

न्यायासनावर घोरपड होती. तिची ख्याती अशी, की एखाद्या मुद्द्याला चिकटली की कोणी ओढून काढू शकत नसे. मुद्दा बरोबर असेल तर ही मोठी चांगली गोष्ट होती.

एका बाजूला गवासाहेब उभे राहिले. दुसऱ्या बाजूला सावळी आणि ठिपका. जागेचा बराचसा भाग गवासाहेबांच्या बाजूला गेला. वर फांदीवर शेकरूमावशी येऊन बसली होती, सावळीला धीर द्यायला.

उदमांजर वकिलांनी सुरुवात जोरात केली. "गोळीने इजा होते हे गवासाहेबांना माहीत होतं! पानाच्या खालच्या टोकाला तसं लिहिलेलं आहे. ती अक्षरं माझ्या अशिलापर्यंत पोचलीच नाहीत!"

"आम्ही लिहिली ना?" गवासाहेब संथपणे म्हणाले. "लिहिणं आमचं काम. पोचणं हे अक्षरांचं काम."

घोरपडीने मान डोलावली. मग ती सावळीकडे वळली. "बाई, ही गोळी घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

सावळीने ठिपक्याला जवळ ओढलं.

"नाव सांगा," वकील कुजबुजले. "नाहीतर दावा पडेल."

सावळीला वर बघायचं नव्हतं, म्हणून ती खाली बघत राहिली. "मलाच वाटलं," ती म्हणाली. "घ्यावीशी."

"कोणी सांगितलं?" घोरपड म्हणाली.

"आठवत नाही."

"कोणी सांगितलं?"

एव्हाना घोरपड चिकटली होती.

"अहो, मी सांगितलं!" वरून शेकरूमावशी ओरडली. "चांगल्या मनाने सांगितलं. त्यात लपवायचं काय आहे? आणि सावळे, तू कशाला खोटं बोलतेस पाडसासमोर?"

"आपण वैद्य आहात?" घोरपडीने वर बघून विचारलं.

"नाही, शेजारीण आहे."

"आपल्याला कोणी सांगितलं?"

मावशीची शेपटी एकदम ताठ झाली. "मला... मला साळिंदरभाऊंनी सांगितलं. 'मावशी, नवीन आलंय, घेऊन बघा' म्हणाले."

साळिंदरभाऊंना बोलावणं गेलं. ते आले तेच सगळे काटे उभारून, त्यामुळे त्यांच्याजवळ कोणी उभं राहिना.

"मी सांगितलं, कारण माझ्याकडे गोळी होती," ते म्हणाले. "नसती तर कशाला सांगितलं असतं?"

"का होती?"

"गवासाहेबांनी बनवली म्हणून."

सगळ्या माना गवासाहेबांकडे वळल्या. उदमांजर वकील मागच्या पायांवर उभे राहिले. सावळीच्या छातीत कसंसं झालं, पण ती जळजळ नव्हती. बहुधा आशा असावी.

"मी बनवली," गवासाहेब म्हणाले, "कारण ह्या दुकानदाराने मागणी केली. मागणी नसेल तर मी माशी उडवायला शेपूटसुद्धा हलवत नाही."

घोरपड साळिंदराकडे वळली. "का केली मागणी?"

"गिऱ्हाईक विचारायला आलं, म्हणून केली. दुकान म्हणजे काय असतं मग?"

"कुठलं गिऱ्हाईक?"

साळिंदरभाऊंनी एक काटा सावकाश फिरवला. तो सावळीसमोर येऊन थांबला.

"ह्याच बाई. तीन वर्षांपूर्वी. सकाळची वेळ. म्हणाल्या, 'भाऊ, जळजळीवर काही आहे का हो?' मी म्हटलं, 'आत्ता नाही, मागवून ठेवतो.' लक्षात आहे माझ्या. बाई परत फिरल्या आणि पुन्हा येऊन म्हणाल्या, 'माझ्यासाठी मुद्दाम नका हं मागवू.'"

घोरपड सावळीकडे वळली.

"बाई, आपण असं विचारलं होतं?"

आता दुसरा कुठलाही प्राणी असता, तर म्हणाला असता की विचारणं म्हणजे बनवा म्हणून सांगणं नव्हे. पाऊस येईल का असं विचारणाऱ्यावर कोणी पुराचा दोष ठेवत नाही. असं पुष्कळ म्हणता आलं असतं. उदमांजर वकील तसं म्हणायला उठलेही होते.

पण सावळीला ती सकाळ आठवली. 'माझ्यासाठी मुद्दाम नका मागवू' हे आपण जरा हळू म्हणालो होतो, हेही आठवलं.

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतं. मला आधीपासून वाटतच होतं, की ह्यात माझंच काहीतरी चुकलं असणार."

"आपण आई आहात?" घोरपडीने विचारलं.

"हो."

"नोंद घ्या," घोरपड म्हणाली.

गवासाहेबांनी सोडलेल्या सुस्काऱ्याने समोरचा पाचोळा उडाला. साळिंदरभाऊंचे काटे खाली बसले. "अगं, असं काय बोलतेस!" शेकरूमावशी वरून म्हणाली, पण तिची शेपटीही मऊ पडली होती.

निकाल लगेच देण्यात आला.

"भेकरीण सावळी हिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, हे सिद्ध झालं आहे. ती गारगोळीमुळे झाली, हेही सिद्ध झालं आहे. दावा मान्य. पीडित भेकरीण सावळी हिला जन्मभर रोज झऱ्याचं पाणी मिळावं. ते पाणी दोषी भेकरीण सावळी हिने स्वतः काढून द्यावं."

"जिंकलो!" उदमांजर वकील ओरडले आणि त्यांनी सावळीचा पुढचा पाय दोन्ही पंजांत धरून हलवला. गवासाहेब मुद्दाम जवळ आले, अभिनंदन म्हणाले, तब्येतीला जपा म्हणाले. मोठ्या माणसांचं असं असतं. मनात काही ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झऱ्यावर गेले. वाटेत सावळी सात वेळा थांबली. झऱ्याच्या तोंडाशी एक रेघ ओढलेली होती आणि रेघेवर पहाऱ्याला रानकोंबडा होता. वकिलांचा हिस्सा आधी निघतो, म्हणून वकील आधी आत गेले. पोटभर प्यायले, मिशा पुसल्या आणि दुसऱ्या दाव्याला निघून गेले.

मग सावळी पुढे झाली.

"थांबा," कोंबडा म्हणाला. "निकालात दोन सावळ्या आहेत. पीडित सावळी आत जाऊ शकते. दोषी प्राण्याला रेघेच्या आत मनाई आहे."

"पण पाणी दोषी सावळीनेच काढून द्यायचंय."

"मग तिला आत यावं लागेल."

"हो ना."

"तिला मनाई आहे."

सावळीने विचार केला. "पण मी तर एकच आहे हो, दादा."

"ते तुम्ही आपसात बघा. एकीला बाहेर थांबवा, माझं काही म्हणणं नाही."

कोंबडा वाईट नव्हता. त्याने रेघेवरून सरकून तिला जागा करून दिली. सावळीने पुढचे दोन पाय आत टाकले आणि मागचे दोन बाहेर ठेवले. पुढचे पाय झऱ्याच्या कडेच्या पाण्यात गेले. पाणी गार होतं. सुजेला जरा बरं वाटलं.

"हे चालेल?" तिने विचारलं.

"पुढचे पाय पीडित, मागचे दोषी," कोंबड्याने मोजून बघितलं. "चालायला हरकत नाही."

सावळीने मान खाली घातली. पाणी तोंडापासून चार बोटांवर होतं.

"एक मिनिट," कोंबडा म्हणाला. "तोंड कोणाचं?"

सावळी थबकली. खरं म्हणजे तिने एवढंच म्हणायचं होतं, की तोंड पुढच्या पायांच्या बाजूला आहे. ते दिसतच होतं. कोंबडाही तेवढ्यावर गप्प बसला असता.

पण ठिपका बाजूला उभा राहून ऐकत होता, आणि पाडसासमोर खोटं बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

"साळिंदरभाऊंना विचारलं ते ह्याच तोंडाने," ती म्हणाली.

"मग तोंड बाहेर," कोंबडा म्हणाला.

सावळीने तोंड बाहेर घेतलं.

"आई," ठिपक्याने विचारलं, "आपण जिंकलो ना?"

"हो रे," सावळी म्हणाली. "तू जरा मागे सर. ओलं आहे, घसरशील."

तात्पर्य: औषध घेताना कधीही कोणाला विचारू नये. बनवणारे, विकणारे आणि सांगणारे पुष्कळ असतात, त्यामुळे त्यांच्यातला कोणी सापडत नाही. विचारणारी एकटीच असते.