साडेचार तासांची पाटी

आउसरबाख गावात झेराफिन लाडनरची ओळख कुणी करून देत नाही, कारण तो स्वतःच करून देतो. चर्चसमोर बस थांब्याच्या बाजूला पिवळ्या पाट्यांचा एक खांब आहे. सगळ्यात वरची पाटी म्हणते : ग्राउकार हट, साडेचार तास. तुम्ही तिच्याकडे नुसतं बघायचा अवकाश, समोरच्या बाकावरून आवाज येतोच. "मी स्वतः चालून लावलीय ती. घड्याळ लावून. एकोणनव्वद साली."

झेराफिन हा आल्पाइन क्लबच्या गावशाखेचा वाटांचा कारभारी. तीन देशांतून जाणाऱ्या लांबलचक पायवाटेचा एक दिवसाचा टप्पा आमच्या गावातून निघतो आणि वर डोंगरातल्या विश्रामघरावर, म्हणजे हटवर, संपतो. त्या टप्प्यावरच्या दगडांवर लाल-पांढरे-लाल पट्टे रंगवायचे, आडवी पडलेली झाडं बाजूला करायची, वाकडी पाटी सरळ करायची, हे कारभाऱ्याचं काम. पगार एक पै नाही. मान मात्र किती घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि झेराफिननं त्यात कधी हात आखडता घेतला नाही.

आता त्या साडेचार तासांविषयी. जगभरातून माणसं येत, पाटी वाचत, "चला, दुपारच्या जेवणाला वर," म्हणत निघत आणि संध्याकाळी हटच्या पायऱ्यांवर येऊन बसत ती पुन्हा उठतच नसत. गेल्या वर्षी एक नवं लग्न झालेलं जोडपं गेलं होतं. त्यांनी हटच्या वहीत दोन वेगवेगळ्या पानांवर सह्या केल्या. हे झेराफिनच्या कानावर घातलं की तो समजुतीनं मान हलवायचा. पाय राहिले नाहीत हो लोकांचे, म्हणायचा. पहिल्या मजल्यावर जायला लिफ्ट लागते, त्यांना आल्प्स काय झेपणार.

खरी गोष्ट, झेराफिनच्या समजुतीनं, फक्त त्यालाच ठाऊक होती, आणि ती अशी. एकोणनव्वद साली पाट्या लावायचं ठरलं तेव्हा त्या होत्या जड. म्हणून हा गडी पाट्यांसकट हटच्या मालवाहू रोपवेत बसला. त्या पाळण्यात बटाटे, बिअरची पिंपं आणि पीठ जातं. माणसांना सक्त मनाई आहे. तो बटाट्यांशेजारी बसून चौदाशे मीटर वर गेला, वरची पाटी ठोकली, घड्याळ लावलं आणि आरामात खाली चालत आला. साडेचार तास लागले. खालच्या पाटीवरही त्यानं तेवढेच घातले. चढ काय नि उतार काय, वाट तर तीच ना. गावच्या खानावळीत तेव्हाच्या अध्यक्षांनी डोळे विस्फारून विचारलं, "साडेचारात चढलास?" तो खुलासा करणार तोच चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणीतरी बिअर पुढे सरकवली. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. त्या उद्याला आता पस्तीस वर्षं झाली होती.

त्याहून नाजूक बाब म्हणजे, हा टप्पा खालून वर एका दमात झेराफिन जन्मात कधी चढला नव्हता. खालचा अर्धा भाग तो खालून जाऊन रंगवी आणि वरचा अर्धा, बटाट्यांच्या कृपेनं, वरून येऊन.

मग क्लबला नव्या अध्यक्षा मिळाल्या. हेल्गा प्रांटल. दातांच्या डॉक्टर, आणि बोलताना भूल न देणाऱ्या. जूनच्या बैठकीत त्यांनी तक्रारींची चळत टेबलावर ठेवली आणि पाटीवर साडेसहा तास घालावेत असं सुचवलं. झेराफिन उभा राहिला. वय एकाहत्तर, आवाज तेवीसचा. त्यानं सांगितलं की ती पाटी म्हणजे या गावाचा शब्द आहे, आणि पाहिजे तर येत्या रविवारी तो तीच वाट साडेचार तासांत चढून दाखवील. जिभेला हाड नसतं म्हणतात, या माणसाच्या तर ब्रेकही नव्हता.

"ठीक आहे," प्रांटलबाई म्हणाल्या. "मी घड्याळ घेऊन सोबत येते. जमलं तर पाटी राहील. नाही जमलं, तर पाटी बदलेल आणि कारभारीसुद्धा."

झेराफिननं मनात हिशेब मांडला. कारभारीपण गेलं तर उरलं काय? पोस्टातून निवृत्त झालेला, गुडघ्याला तेल लावणारा एक म्हातारा. असले म्हातारे गावात अकरा होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण घाबरलेला झेराफिन घाबरल्यासारखा दिसत नाही, उलट त्याचा आवाज चढतो. त्यानं सगळ्यांदेखत हटवर फोन लावला. तिथं त्या मोसमापासून लेओनी नावाची नवी मुलगी कामाला होती, भलती इमानदार. तिला त्यानं बजावलं, "रविवारी साडेअकराला माझे क्नोडेल ताटात पाहिजेत. साडेबारापर्यंत आलो नाही तर झेराफिन लाडनर दरीत पडला असं समज आणि बचाव पथकाला बोलाव. दुसरं कारणच असू शकत नाही."

लेओनीनं ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवलं.

रविवारी सकाळी सातला दोघं खांबापासून निघाले. पहिली वीस मिनिटं झेराफिन असा सुटला की प्रांटलबाईंना पळावं लागलं. एकविसाव्या मिनिटाला त्याच्या छातीचा भाता झाला. आता मेलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी त्याला नियम आठवला. पाट्यांवरचा वेळ हा निव्वळ चालण्याचा असतो. विश्रांती धरत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"घड्याळ थांबवा," तो एका दगडावर टेकत म्हणाला. "मी विश्रांती घेतोय."

नियम तो नियम. प्रांटलबाईंनी घड्याळ थांबवलं. तिथून पुढे झेराफिन असा चालला, की त्याला चालणं म्हणायचं ते केवळ नियमावर श्रद्धा असली तरच. पन्नास पावलं तीरासारखा जायचा, मग विश्रांती. एका पट्ट्याचा रंग उडालाय म्हणून विश्रांती. कुरणातल्या गाईची चौकशी करायला विश्रांती. समोरून कुणी उतरत आलं की "ग्र्यूस गॉट" म्हणून नमस्कार करायला विश्रांती, आणि त्यांना हवामान विचारायला वेगळी. प्रांटलबाई निमूट बटण दाबत होत्या. दहा वाजता त्यांच्या अंगठ्याला गोळे आले, तेव्हा त्यांनी हात बदलला.

दुपारी सव्वा वाजता दोघं जंगलाच्या वर, उघड्या दगडांच्या उतारावर होते. घड्याळात चालण्याचे भरले होते फक्त दोन तास पन्नास मिनिटं. दोन तृतीयांश चढ मागे पडला होता. प्रांटलबाईंनी दोनदा हिशेब केला आणि त्यांचा चेहरा पडला. याच चालीनं हा माणूस निघाल्यापासून जवळजवळ साडेनऊ तासांनी वर पोचणार होता आणि तरीही सव्वाचार तासांत पोचणार होता. "अहो लाडनर, हे कायदेशीर आहे, पण शोभत नाही," त्या म्हणाल्या. झेराफिन विश्रांती घेत होता, त्यामुळे त्यानं उत्तर दिलं नाही. पस्तीस वर्षांत इतकं निर्मळ सुख त्याला लाभलं नव्हतं.

तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं.

वर हटमध्ये काय झालं होतं ते सांगायला नको. साडेअकराला क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, ताटात पडले, बाराला गार झाले, आणि बारा एकतीसला लेओनीनं फळ्यावरचा मजकूर बचाव पथकाला जसाच्या तसा वाचून दाखवला. पथकानं झेराफिनला फोन लावून पाहिला, पण त्या उतारावर फोनला कधीच रेंज नसते. शिवाय झेराफिन साडेचार तासांत येतो हे तर पाटीवरच लिहिलेलं होतं. साडेपाच तास झाले म्हणजे माणूस गेलाच.

हेलिकॉप्टर दोनदा डोक्यावरून गेलं. तिसऱ्यांदा ते खाली येऊन घिरट्या घालायला लागलं तेव्हा झेराफिनचं डोकं फिरलं. जिंकत आलेली बाजी आणि हे लोक धूळ उडवतायत. तो दगडावर उभा राहिला, दोन्ही हात आकाशाकडे फेकले आणि जीव तोडून ओरडला की चालते व्हा इथून.

आता, डोंगरात हेलिकॉप्टरला खालचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरलेली आहे. एक हात वर, एक खाली : मदत नको. दोन्ही हात वर : मदत पाहिजे. आउसरबाखच्या शाळेत दर जूनमध्ये पोरांना एका ओळीत उभं करून ही खूण शिकवली जाते. तीस वर्षं ती शिकवणाऱ्या गृहस्थांचं नाव झेराफिन लाडनर.

दोरावरून जो माणूस खाली उतरला तो त्याचा जावई निघाला. रोमेड. लहानपणी त्या ओळीत तोही उभा होता.

"बाबा, काय झालं? कुठं लागलं?"

झेराफिननं प्रांटलबाईंकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वर त्याच्यासाठी थांबलेल्या त्या यंत्राकडे पाहिलं. उगीच हात वर केले म्हणावं, तर तीस वर्षांच्या शिकवणीवर पाणी. "घोटा," तो कण्हत म्हणाला. "मुरगळला." कुठला, हे ठरवायला त्याला जरा वेळ लागला.

अशा रीतीनं झेराफिन लाडनर त्या टप्प्याचा उरलेला भाग पुन्हा एकदा हवेतून चढला. हटच्या अंगणात पन्नासेक माणसं जेवत होती. ती सगळी उभी राहिली. कुणी शाल आणली, कुणी झिर्बेच्या दारूचा पेला. लेओनीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं क्नोडेल पुन्हा गरम केले. रोमेड सासऱ्याजवळच थांबला.

तीनला प्रांटलबाई पोचल्या. चालत. त्या समोर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. अपघात झाला, तेव्हा आजची चाचणी रद्द. पाटीबद्दल पुढं बघू. झेराफिननं पेल्यामागून सुटकेचा श्वास सोडला.

"पण एकाहत्तराव्या वर्षी घोटा गेला, म्हणजे कारभारीपण तुम्हाला झेपणार नाही," बाई म्हणाल्या. "रंगाच्या खोलीची किल्ली द्या."

झेराफिन ताडकन उभा राहिला. दोन्ही पायांवर. एवढंच नाही, घोटा ठणठणीत आहे हे पटवायला त्यानं दोन उड्या मारल्या, आणि दुसरी हवेत असतानाच त्याच्या लक्षात आलं की पन्नास माणसं बघतायत आणि पन्नासांतला एक जावई आहे.

रोमेडनं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. "बाबा," तो हळू म्हणाला, "मग आम्ही कशाला आलो होतो?"

ओरडला असता तर झेराफिन उलट ओरडला असता. रोमेड ओरडला नाही. झेराफिन खाली बसला आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. घोटा, विश्रांत्या, बटाटे, रोपवे, उतार, टाळ्या. एकोणनव्वदपासून आजवर. त्याला खरोखर लाज वाटत होती, आणि खरोखर हलकंही वाटत होतं. कधी कुठल्या कोपऱ्यातून चमचा फेकून मारतील याची तो वाट बघत होता. पायांना पट्ट्या बांधून बसलेल्या एका बाईनं तर चमचा उचललाही होता. पण तिला क्नोडेलच खायचे होते.

प्रांटलबाईंनी पाण्याचा पेला संपवला. मग त्यांनी सांगितलं की कारभारीपण त्याच्याकडेच राहील. झेराफिनचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, आपल्या खरेपणाची कदर झाली. "तसं काही नाही," बाई म्हणाल्या. "मी महिनाभर विचारतेय, दुसरं कुणी तयारच नाही. पण एक अट आहे. पुढच्या रविवारी तुम्ही एकट्यानं, खालून वर, पायी यायचं. तुम्हाला जो वेळ लागेल तोच पाटीवर."

पुढच्या रविवारी तो गेला. या खेपेला लेओनीला फोन केला नाही. आमच्या पाटीवर आता सहा तास चाळीस मिनिटं आहेत, आणि त्यातली चाळीस मिनिटं, खरं तर, गाईशी बोलण्यात गेली.

संध्याकाळी तो घरी परतला. बायको बुर्गी ओट्याशी बटाटे सोलत होती. पस्तीस वर्षांत तिच्याजवळ याबद्दल तो एका अक्षरानं बोलला नव्हता. हटवरचं कुणी तिला सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून आठवडाभर तो तोंड उघडत होता आणि मिटत होता. आता त्यानं घामानं ओला सदरा काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, घसा खाकरला आणि म्हणाला, "बुर्गी, तुला एक सांगायचंय. एकोणनव्वद साली..."

बुर्गीनं हात पुसले, सदरा दोन बोटांनी उचलला, लांबूनच एकदा हुंगला आणि धुण्याच्या टोपलीत टाकला.

"माहितीय," ती म्हणाली. "तेव्हाचा सदरा मी न धुताच कपाटात ठेवला होता."